बिलांच्या पाठीवर

सोमवार होता, पंधरा जून २००९. दुपारचा एक वाजून गेला होता. नरहरी रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आला होता आणि भाकरी खाऊन झोपला होता. मधलं दार वाजलं तेव्हा त्याला आधी राग आला. ह्या वेळेला त्याला उठवायचं नाही हे घरात ठरलेलं होतं.

दारात रजनी उभी होती. रजनी भावकीतली, शेजारच्याच आळीत राहणारी. पाळणाघरात अनसूयेच्या हाताखाली काम करायची.

"दादा, उठा. वैनींच्या मोबाईलवरनं फोन आलाय. पन बोलनारं दुसरंच कुनीतरी हाय."

फोनवर पिरंगुटमधला एक झेरॉक्सवाला होता. शेजारच्या जिन्यावर एक बाई बसल्या होत्या, म्हणाला. दम लागला असेल असं वाटलं. पाणी द्यायला गेलो तर उत्तर नाही. दवाखान्यात नेलं. पुढचं वाक्य त्याला दोनदा सांगावं लागलं, कारण नरहरी पहिल्या वेळी नुसता "व्हय, व्हय" म्हणाला.

रजनीला त्याच्या तोंडाकडं बघूनच कळलं. तिच्या हातातला स्टीलचा डबा सुटला आणि फरशीवर आपटून घरंगळत भिंतीपर्यंत गेला. मग ती ओरडली. एवढ्यानं ओरडली की समोरच्या बांधकामावरचे दोन मजूर पळत आले. नरहरीनं सदरा चढवला आणि पुढच्या खोलीतून बाहेर पडला. तिथं बारा पोरं सतरंजीवर ओळीनं झोपली होती. त्यांच्यामधून पाय टाकायला जागा शोधत तो दारापर्यंत गेला.

डबा पडला, रजनी ओरडली, मजूर आत आले, आणि बारांतल्या एकाही पोरानं कूस बदलली नाही.

त्या दिवशी त्याला ते खटकलं नाही. उलट बरं वाटलं. पोरं उठली असती तर कोण बघणार होतं.

तेरा दिवस झाले. लेक आली होती, ती लवळ्याला सासरी परत गेली. अनसूयेची कापडी पिशवी दवाखान्यातल्या हवालदारानं सही घेऊन दिली होती. ती नरहरीनं आणली तशीच खुंटीला अडकवून ठेवली. आत बिलं होती. त्या दिवशी ती बिलं घेऊनच अनसूया पिरंगुटला दयानंद साहेबांकडे, म्हणजे कर सल्लागाराकडे गेली होती. त्यांच्याच जिन्यावरून उतरताना ती बसली होती.

पाळणाघर चौथ्या दिवशीच सुरू झालं. दुसरा इलाज नव्हता. पोरांच्या आयांना कामावर जायचं होतं, आणि नांदे गावात तेव्हा दुसरं पाळणाघर नव्हतं. रजनी म्हणाली, "मी बघते, दादा. वैनींनी समदं शिकवलंय." नरहरीनं मान हलवली. पाळणाघरातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की दोन एकर विकून बांधलेल्या घराच्या पुढच्या खोलीत अनसूयेनं तीन पोरांवर सुरुवात केली आणि चार वर्षांत ती बारा झाली. तो स्वतः त्याच विकलेल्या दोन एकरांवर उभ्या राहिलेल्या सोसायटीत वॉचमन होता. रात्री पार्किंगमध्ये खुर्ची टाकायचा ती जागा म्हणजे पूर्वीची विहिरीकडची ताल, शेताचा मातीचा बांध. अनसूया त्याला चिडवायची, "तवा बी रातचं राखणीलाच जायचा, आता बी राखणीलाच. तवा फुकट हुता, आता पगार हाय."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दयानंद साहेबांचा फोन आला. नरहरी त्यांच्याकडे गेला. तो जिना त्यानं कठड्याला हात न लावता चढला.

"बसा, नरहरीराव." साहेबांनी पंखा वाढवला. मग म्हणाले, "वाईट वाटतं बोलायला, पण सांगायला हवं. वहिनींचं मागच्या वर्षाचं रिटर्न भरायचं राहिलंय. एकतीस जुलै शेवटची तारीख."

"ती गेली आता, साहेब."

"माणूस गेलं तरी त्याचं उत्पन्न जात नाही. वारसानं भरायचं असतं. तुम्ही सही करायची. तहसीलातून वारस दाखला आणलात का?"

"अर्ज केलाय पौडला."

"मग झालं. बायकांना एक लाख ऐंशी हजारापर्यंत कर नाही. वहिनींची फी सव्वातीन लाखांच्या आसपास जमली. त्यात जमिनीच्या पैशाच्या ठेवीचं व्याज त्यांच्या नावावर. त्यातून खर्च वजा केला की कर अगदी थोडा येईल. पण खर्चाला बिल पाहिजे. बिल नाही तर खर्च नाही. हे मी वहिनींना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि त्यांच्यासारखं कोणी पाळलं नाही." साहेब थोडे हसले. "माझ्याकडे डॉक्टर येतात, बिल्डर येतात, सगळ्यांची बिलं उंदरानं खाल्लेली असतात. वहिनी प्रत्येक बिलाच्या पाठीवर कशासाठी खर्च केला ते लिहायच्या. मीच सांगितलं होतं. म्हटलं, उद्या कोणी विचारलं की हा सिलिंडर घरचा का पोरांचा, तर काय सांगाल? तेव्हापासून सातवी शिकलेल्या त्या बाईनं एक बिल कोरं ठेवलं नाही."

"मग मी काय करू?"

"ढीग करा. दूध एकीकडे, किराणा एकीकडे, गॅस, लाईट, पगार, खेळणी, जे असेल ते. प्रत्येक ढिगाची बेरीज एका कागदावर लिहून आणा. त्या दिवशी त्या घेऊन आल्या होत्या, पण बेरजा राहिल्या होत्या. म्हणाल्या, करून आणते."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर नरहरी झोपला नाही. खाटेवर चादर सरळ केली आणि पिशवी उलटी केली.

काम सोपं होतं. प्रत्येक बिल उलटं करायचं आणि पाठीवरचं वाचायचं. अनसूयेचं अक्षर मोठं आणि गोल होतं. 'पोरांचा गॅस.' 'सतरंजी दोन, जुनी फाटली.' 'रवा, खिमटीला.' 'दाराला जाळी, डासांसाठी.' एका बिलावर लिहिलं होतं, 'बाहुली, पियूषनी मुंडकं तोडलं म्हणून दुसरी.' ते वाचून त्याला हसू आलं, आणि मग बराच वेळ पुढचं बिल उचलता आलं नाही.

दुधाची बारा बिलं निघाली, कारण डेअरीवाला महिन्याला एकच बिल द्यायचा. गॅसची नऊ. किराण्याची चोवीस. अकरा वाजेपर्यंत खाटेवर सात ढीग झाले, आणि त्यात एक ढीग बाकीच्यांपेक्षा उंच होता. तो पडायला लागला म्हणून नरहरीनं त्याचे दोन केले.

ती औषधाची बिलं होती. नांदे फाट्यावरच्या मेडिकलची, छोटी, गुलाबी. प्रत्येक बिलावर एकच बाटली. सर्दीचं औषध, एकतीस रुपये. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक बाटली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शनिवार-रविवार नाही, सणाला नाही. पोरं नसतील त्या दिवशी बाटली नाही.

पोरांना सर्दी असतेच, त्यानं स्वतःला सांगितलं. बारा पोरं एका खोलीत, एकाला झाली की सगळ्यांना होते. मग त्यानं एक बिल उलटं केलं. पाठीवर लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे.' दुसरं उलटं केलं. 'वरीलप्रमाणे.' त्यानं दहा-पंधरा उलटी केली. सगळीकडे तेच. मग तारखा लावत लावत तो खाली गेला, सगळ्यात पहिल्या बिलापर्यंत. अकरा ऑगस्ट २००८. त्याच्या पाठीवर तिनं बारीक अक्षरात सगळं लिहिलं होतं, जसं साहेबांनी शिकवलं होतं तसं.

'पोरं एक ते चार झोपावीत म्हणून. मालक दिवसा झोपतात.'

नरहरीनं ते बिल मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे बघत बसला.

ऑगस्टचा पहिला आठवडा त्याला आठवला. सुपरवायझरनं त्याला पहाटे खुर्चीत झोपलेला धरलं होतं आणि पुन्हा सापडलास तर घरी बस म्हणून सांगितलं होतं. घरी आला तर मधल्या दारापलीकडं चार पोरं एका सुरात रडत होती. त्यानं दार उघडून अनसूयेला सगळ्या पोरांसमोर सांगितलं होतं, "ही कोकरं गप ठिव, न्हाईतर उद्यापासनं कुलूप लाव ह्या धंद्याला. माजी नोकरी जाईल त्या रांडच्यांपायी." शिवी सुद्धा आठवली. अनसूयेनं दार ओढून घेतलं होतं.

त्यानंतर तो झोपला. जवळजवळ वर्षभर रोज दुपारी गाढ झोपला. गावात कुणी विचारलं की सांगायचा सुद्धा, "घरात बारा पोरं हायेत, पन आवाज न्हाई. अनसूयेचा हातच तसा हाय." आयासुद्धा तेच म्हणायच्या. सोसायटीत एकमेकींना सांगून त्यातूनच पोरं वाढली होती.

त्यानं बिलं मोजली. एकशे सत्तेचाळीस.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की ही मागच्या हिशेबाच्या वर्षाची, मार्चपर्यंतचीच आहेत.

मोबाईलमध्ये बघितलं तर दीड वाजला होता. मधल्या दाराच्या पलीकडं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यानं उठून दाराला कान लावला. बाहेर बांधकामावर काँक्रीटचा मिक्सर फिरत होता. खोलीत काही नव्हतं.

त्यानं दार ढकललं.

पोरं ओळीनं झोपली होती. रजनी खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. खिडकीच्या कट्ट्यावर बाटली होती, आणि बाटलीशेजारी प्लास्टिकचं मोजमापाचं टोपण, आतून लाल झालेलं.

"झोपला न्हाई व्हय, दादा?"

"हे काय हाय?"

रजनीनं बाटलीकडं बघितलं. "औषीद. दुपारचं."

"कुनी सांगितलं तुला?"

"वैनींनीच. जेवनानंतर अर्धं टोपान, बारक्यांना त्याहून कमी. कुनाला ताप असला तर द्यायचं न्हाई, असं बी सांगितलंय." ती शिकवलेला धडा म्हणावा तशी म्हणाली. "मी माप चुकवत न्हाई, दादा. एक थेंब जास्ती न्हाई."

"आन आरोहीला?"

"तिला बी."

आरोही ओळीच्या टोकाला होती. सोसायटीतल्या क्षितिजा आणि मनीषची मुलगी. दोघं लातूरकडचे, हिंजवडीत कामाला. मुलगी अकरा महिन्यांची. सहाव्या महिन्यापासून इथं येत होती. नरहरी तिच्याजवळ खाली बसला आणि तिच्या गालाला बोट लावलं. मग खांदा हलवला. मग तिला उचललं. मान त्याच्या दंडावर आडवी पडली.

"पानी आन," तो म्हणाला.

रजनीचा चेहरा पहिल्यांदा बदलला. तिनं तांब्या आणला. त्यानं ओला हात पोरीच्या कपाळावरून, डोळ्यांवरून फिरवला, तळपायाला चोळला. तिचा श्वास चालू होता, हळू, एकसारखा. तो किती वेळ चोळत बसला ते त्याला सांगता आलं नसतं. शेवटी तिनं डोळे उघडले. रडली नाही. परक्या माणसाच्या हातात असून रडली नाही. छताकडे बघत राहिली आणि पुन्हा मिटायला लागली.

"रोज अशीच असती का?"

"लई शाणी हाय," रजनी म्हणाली. मग स्वतःचंच बोलणं तिला ऐकू आलं असावं, कारण तिनं पदर तोंडाला लावला.

नरहरीनं बाटली मोरीत ओतली. वास गोड होता.

"ह्यापुढं न्हाई."

"मग बारा पोरं मी एकली कशी बघू, दादा? वैनी आन मी दोघी हुतो तवा बी जमत नव्हतं. तुमीच सांगा."

"मी बसतो तुझ्यासंगं."

"आन झोप?"

त्यानं लाल झालेलं टोपणही मोरीत विसळलं.

संध्याकाळी सातला क्षितिजा आरोहीला न्यायला आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात हेल्मेट. नरहरी दारातच उभा होता. त्यानं मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं.

"काका, तुम्ही आज? रजनीताई कुठंयत?"

"हाय आत."

"दमला असाल तुम्ही. काकूंची फार आठवण येते हो. आमच्या आरोहीला त्यांच्याशिवाय कुणाकडे झोप लागायची नाही. घरी रविवारी दिवसभर किरकिर करते. मनीष म्हणतो, काकूंना विचारून ठेवायला हवं होतं, काय करत होत्या ते." ती आरोहीला कडेवर घेत हसली. मग हसणं थोडं कमी झालं. "काका, तुम्हाला काही वेगळं वाटतं का हिच्यात? म्हणजे बाकीच्या मुलांपेक्षा?"

"का?"

"अजून नीट बसत नाही. धरून उभीच राहत नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, पुण्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवा. तीन ऑगस्टची वेळ मिळालीय, सकाळी दहाची. डोक्याची काय काय तपासणी करणार आहेत. फॉर्म भरून घेतला. काही औषध चालू आहे का, आधी कधी दिलं का, सगळं विचारलंय त्यात."

"काय लिवलं तुमी?"

"काहीच नाही म्हणून लिहिलं. कधी क्रोसिनसुद्धा दिलं नाही हो आम्ही."

नरहरीनं तोंड उघडलं. जुळवलेलं वाक्य होतं तिथंच होतं. पण ते बोलायचं तर अनसूयेचं नाव घेऊन बोलायला लागत होतं, आणि मग पुढं आपलं. तिला जाऊन महिना झाला नव्हता. अंगणात तिच्या चपला अजून होत्या.

"हुईल बरी," तो म्हणाला.

क्षितिजानं मान हलवली, आरोहीला पोटाशी झोळीत बांधलं आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवसापासून तो एक ते चार पोरांमध्ये बसायला लागला. पहिले तीन दिवस खोलीत नुसता आरडाओरडा होता. पोरं चिडायची, चावायची, जेवण थुंकायची. बाहुलीवाल्या पियूषनं त्याच्या मिशा ओढल्या. दोन आयांनी विचारलं, "हल्ली नीट झोपत नाही का दुपारी? रात्री आठलाच पडतो." एकीनं पोर काढून घेतलं. महाळुंग्यात नवीन पाळणाघर निघालंय, म्हणाली. आरोही चौथ्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडली. नरहरी तिला कडेवर घेऊन खोलीभर फिरला आणि ते रडणं ऐकत राहिला. सोसायटीत सुपरवायझरनं त्याला दोनदा खुर्चीत डोळे मिटलेलं पाहिलं. दुसऱ्यांदा त्यानं वहीत नोंद केली.

एकोणतीस जुलैला तो बेरजांचा कागद आणि वारस दाखला घेऊन पिरंगुटला गेला. बिलं पण नेली होती, ढिगांना रबर लावून.

दयानंद साहेबांनी कागद वाचला. "दूध, किराणा, गॅस... पगार, रजनीबाई... औषध, चार हजार पाचशे सत्तावन्न. हे प्रथमोपचारात टाकू." पेन थांबलं. "हां, हेच. त्या दिवशी वहिनी याचंच विचारत होत्या."

"काय इचारत हुती?"

"झालेला खर्च काढून टाकता येतो का, म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, माझ्याकडे लोक न झालेला खर्च घालायला येतात, तुम्ही पहिल्याच, ज्या झालेला काढायला आलात. हसल्या. मग म्हणाल्या, 'काढला तरी झाला त्यो झालाच न्हवं?' मी म्हटलं, हो, झाला तो झालाच. मग पिशवी उचलली आणि बेरजा करून आणते म्हणून खाली गेल्या."

साहेब पुन्हा कागदाकडे वळले. "तर प्रथमोपचार?"

"तसं न्हाई ते, साहेब."

"मग काय आहे?"

रस्त्यावरून चाकणचा एक लांब कंटेनर गेला. त्याचा आवाज संपेपर्यंत साहेब थांबले.

"किरकोळ लिवा," नरहरी म्हणाला.

"किरकोळ." साहेबांनी लिहिलं. मग फॉर्म पुढं सरकवला आणि शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथं छापलेलं होतं की वर दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे. नरहरीनं अनसूयेच्या वतीनं सही केली. अक्षर त्याचं त्यालाच ओळखू आलं नाही.

"बिलं तुमच्याकडेच ठेवा," साहेब म्हणाले. "खात्याला द्यायची नसतात. पण सात-आठ वर्षं जपून ठेवायची. कधीही विचारू शकतात. फाडायची नाहीत, जाळायची नाहीत. समजलं?"

"समजलं."

जिन्यावरून उतरताना तो मधल्या पायरीवर थांबला. बसला नाही. झेरॉक्सवाल्यानं आतून हात केला, त्यानं पण केला.

रिटर्न भरलं. पोचपावती आली. औषधाची बिलं एका पारदर्शक निळ्या पिशवीत घालून त्यानं खुंटीला अडकवली आहेत, सगळ्यात वर ते पहिलं बिल, पाठ बाहेरच्या बाजूला. आज दोन ऑगस्ट, रविवार. उद्या सकाळी दहाला आरोहीची तपासणी आहे. क्षितिजाला अजून सांगितलेलं नाही.